रिकामं यान, बंद घर: अंतराळातल्या भीतीच्या गेम्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला एका मित्राच्या माडीवर आम्ही शनिवारी रात्री गेम खेळायला बसतो. एक जण खेळतो आणि चार-पाच जण मागे बसून सल्ले देतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. गोष्ट आधीच फुटेल अशी शंका जिथे आहे तिथे तसं सांगितलंय.

१. हे भुताचेच गेम ना? फक्त भूत अंतराळात नेलंय?

नाही. भुताच्या गेममध्ये भूत आधी आणि जागा नंतर. इथे जागा आधी. एखादं सोडून दिलेलं यान, समुद्राच्या तळाचं संशोधन केंद्र, कोणी पाय न ठेवलेला ग्रह. तुमचं काम म्हणजे ती जागा हिंडून समजून घेणं. दार उघडायचं, कोणाची तरी नोंदवही वाचायची, बंद पडलेलं यंत्र चालू करायचं. भीती त्या हिंडण्यातून साचत जाते. निन्टेन्डोचा १९८६ सालचा 'मेट्रॉइड' हा या घराण्याचा मूळपुरुष. मूळपुरुष म्हणायचं आणि त्यातला चिलखत घातलेला योद्धा शेवटी बाई निघते, हे त्या काळात कित्येकांना धक्का देऊन गेलं होतं. १९७९ च्या 'एलियन' सिनेमाची त्या गेमवर दाट छाया आहे.

आपल्याकडच्या भीतीत आणि या भीतीत एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या आजीच्या गावात संध्याकाळनंतर ओहोळाकडे जायचं नाही, पण जावंच लागलं तर देवचाराचं नाव घ्यायचं. तो भीतीदायक खरा, पण राखणदार. त्याला रोट द्यायचा, वहाणा वाहायच्या. तो रात्री गावाभोवती फिरतो म्हणून त्या वहाणा झिजतात, असं मानतात. म्हणजे भीतीच्या जागेलासुद्धा धनी आहे आणि त्याच्याशी बोलता येतं. या गेम्समध्ये रोट द्यायला कोणी नाही. खरी भीती तिथून सुरू होते.

२. मी लगेच घाबरतो. सुरुवात कशाने करू?

'आउटर वाइल्ड्स' (२०१९). हत्यार नाही, मारामारी नाही. लहानशी सूर्यमाला, मोडकंतोडकं लाकडी यान आणि दर २२ मिनिटांनी सगळं पहिल्यापासून. मेलात तरी काही हरवत नाही. त्यातली एकच जागा खरी घाबरवणारी आहे, तिच्यासाठी प्रश्न १० पाहा. त्यानंतर परग्रहावरच्या समुद्रात घडणारा 'सबनॉटिका' (प्रश्न ९), मग 'मेट्रॉइड प्राइम' (२००२, आता निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावरही मिळतो). 'सोमा'चं वेगळं आहे, प्रश्न ११ मध्ये लिहिलंय.

'एलियन: आयसोलेशन'ने सुरुवात करू नका. बरेच जण करतात, दोन तासांत सोडतात आणि मग हा प्रकारच आपल्यासाठी नाही असं ठरवून मोकळे होतात.

३. तुम्ही सारखं 'वातावरण, वातावरण' म्हणता. ते म्हणजे नक्की काय? अंधार केला की झालं का?

अंधार तर सगळ्यात स्वस्त. कोणीही करतो.

गोव्यात वाढलेल्या माणसाला वातावरण समजावायला बंद घर पुरतं. प्रत्येक वाड्यावर एक तरी असतं. घरचे लिस्बनला, नाहीतर लंडनला, नाहीतर मुंबईला. खिडकीच्या फटीतून पाहिलं की भिंतीवर कॅलेंडर दिसतं, कुठल्या तरी जुन्या सालच्या मे महिन्यावर थांबलेलं. खुर्ची अर्धवट मागे ओढलेली. आत भूत नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तरी मान मागे वळते, कारण ती खुर्ची कोणीतरी उठताना मागे सरकवली होती आणि परत येऊन पुढे सरकवली नाही.

चांगला गेम ही खुर्ची बनवतो. 'एलियन: आयसोलेशन'मधल्या सेवास्तोपोल या अंतराळ स्थानकात राक्षस बराच उशिरा दिसतो. त्याआधी कितीतरी वेळ तुम्ही रिकामे कॉरिडॉर, सोडून दिलेलं सामान आणि भिंतीवर घाईत लिहिलेले शब्द पाहत हिंडता. 'मेट्रॉइड प्राइम'मध्ये तुम्ही हेल्मेटच्या काचेतून बघता. वाफेजवळ गेलात की काच धुरकटते, पाऊस असेल तर थेंब ओघळतात आणि जवळ मोठा उजेड झाला की काचेत क्षणभर नायिकेचा स्वतःचा चेहरा दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी दचकलो होतो. इतके तास या ग्रहावर दुसरा माणूस नव्हता, आणि दिसला तो आपणच!

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्यावरची आकडेमोड काढून टाकणं. 'डेड स्पेस'मध्ये (२००८) आयुष्य किती उरलंय ते कोपऱ्यातल्या पट्टीवर नाही, नायकाच्या पाठीच्या कण्यावर निळ्या दिव्यांनी दिसतं. सामानाची यादी उघडली तर ती त्याच्यासमोर हवेत तरंगते आणि जग थांबत नाही. यादी चाळताना मागून काहीही येऊ शकतं. विश्रांतीची जागाच काढून घेतलीय.

४. एकटेपण का लागतं? मित्र बरोबर असला की भीती कुठे जाते?

भीती वाटून घेतली की तिची गंमत होते. आमच्या माडीवर दर शनिवारी हेच घडतं. खेळणाऱ्याला घाम फुटलेला असतो आणि मागे बसलेले भजी खात हसत असतात. म्हणून पहिली खेप एकट्याने खेळा, दुसरी माडीवर.

गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळे ते माणसाचा आवाज जपून वापरतात. 'सबनॉटिका'त बराच काळ तुमच्याशी बोलतो तो फक्त हातातल्या यंत्राचा कोरडा आवाज. मधूनच रेडिओवर दुसऱ्या वाचलेल्या प्रवाशांचे निरोप येतात. तुम्ही आशेने पोहत तिथे जाता. पुढचं तुम्हीच पाहा.

खऱ्या एकटेपणाशी गोव्याचा एक संबंध आहे, तो बऱ्याच जणांच्या लक्षात नसतो. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातून निघाली, आणि आजही मैत्री आणि भारती या तळांचा कारभार वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिथे हिवाळा काढणारी तुकडी कित्येक महिने जगापासून तुटलेली असते, आणि मैत्रीवर तर साधारण दोन महिने सूर्य उगवत नाही. तिथला दिवस जातो तो जनरेटर, पाणी, बर्फ काढणं आणि यंत्रांची देखभाल यात. या प्रकारचे चांगले गेमसुद्धा तसेच कामाने भरलेले असतात. बॅटरी बदला, पाणी साठवा, भोक बुजवा. त्याला कंटाळून काही जण गेम सोडतात, पण हात त्या कामात गुंतले असतानाच पाठीमागे काहीतरी वाजतं.

याला एक अपवाद आहे, 'लीथल कंपनी' (२०२३). तो मित्रांबरोबरच खेळायचा. तिथे मित्राचा आवाज अंतराप्रमाणे लहान-मोठा होतो. "अरे इकडे ये, इथे एक..." एवढं ऐकू येतं आणि पुढे काही नाही. चार माणसांत असूनही एकटं पाडण्याची ही युक्ती मला तरी दुसरीकडे इतकी नेमकी सापडलेली नाही.

५. अंतराळात आवाज नसतो असं शाळेत शिकलो. मग गेममध्ये इतके आवाज कसे?

शाळेत बरोबर शिकवलंय. आवाजाला हवा किंवा दुसरं काहीतरी माध्यम लागतं. पण यानाच्या आत हवा असते, त्यामुळे तिथली करकर बरोबरच आहे. 'डेड स्पेस' हे नियम पाळतो. निर्वात भागात गेलात की सगळं दबून जातं. उरतो तो श्वास, आणि सूटमधून पायाला जाणवेल तेवढी धडधड. मागून काय येतंय ते ऐकू येत नाही.

पाण्यात याच्या उलट. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्रात सुमारे १,५००. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच आदळतो, म्हणून पाण्याखाली माणसाला आवाजाची दिशा नीट कळत नाही. 'सबनॉटिका'त रीपर नावाचा प्रचंड प्राणी दिसण्याआधी ऐकू येतो, आणि तो ओरडला की मी अजूनही चुकीच्या बाजूला पळतो.

'आउटर वाइल्ड्स'ने आवाजाचा सगळ्यात प्रेमळ उपयोग केलाय. तुमच्याकडे दूरचा आवाज पकडणारी दुर्बीण आहे. तुमच्याआधी गेलेले प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर बसून आपापलं वाद्य वाजवत असतात. एक बँजो, एक माउथ ऑर्गन, एक ढोल, एक बासरी, आणि एक नुसताच शिटी घालणारा. दुर्बीण फिरवत एकेक सूर पकडायचा. एका जागेवरून सगळे एका रेषेत आले की मिळून एकच गाणं ऐकू येतं. रात्री दोन वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना हे ऐकून माझे डोळे भरले होते. माडीवर सांगितलं नाही.

हेडफोन लावूनच खेळा, टीव्हीच्या स्पीकरवर यातलं अर्धं वाया जातं.

६. 'एलियन: आयसोलेशन'मधला प्राणी लबाडी करतो का? मी लपतो तिथेच कसा येतो?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि विचारणारा प्रत्येक जण चिडलेला असतो.

थोडक्यात सांगायचं तर तो लबाडी करत नाही, पण कोणीतरी त्याला चुगली करतं. २०१४ च्या या गेममध्ये मेंदू दोन आहेत. एक प्राण्याचा. त्याला फक्त डोळे-कान आहेत, त्याला दिसेल-ऐकू येईल तेवढंच कळतं. दुसरा वरून बघणारा सूत्रधार. तुम्ही कुठे आहात हे त्याला नेहमी माहीत असतं, पण तो प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, अंदाजे भाग सुचवतो. शिवाय हा सूत्रधार तुमच्यावर किती ताण आलाय याचा हिशेब ठेवतो. प्राणी फार वेळ तुमच्याजवळ घुटमळला तर तोच त्याला छतातल्या वाटांमध्ये पाठवून देतो, म्हणजे तुम्हाला श्वास घेता येईल. शिवाय प्राण्याच्या वागण्यातल्या काही गोष्टी सुरुवातीला बंद ठेवलेल्या असतात आणि खेळ पुढे जाईल तशा उघडतात. त्यामुळे तो शिकतोय असं वाटतं.

याचा व्यवहारी अर्थ असा की कपाटात दहा मिनिटं बसून राहण्यात काही हशील नाही. सूत्रधार त्याला पुन्हा तुमच्याच भागात धाडणार. तो छतात गेला की हलायचं. हालचाल दाखवणाऱ्या यंत्राची टिकटिक प्राणी जवळ असताना त्यालाही ऐकू जाते, ते खाली ठेवा. ज्वाळा फेकणारी बंदूक त्याला हाकलते, मारत नाही.

आणखी एक. एक्सबॉक्सचा किनेक्ट किंवा प्लेस्टेशनचा कॅमेरा जोडला तर खोलीतला खरा आवाजसुद्धा गेममध्ये जातो. आमच्यातला एक जण पहाटेपर्यंत खेळत बसला होता. सायकलवरून पाव विकणारा पोदेर आला, भोंगा वाजला आणि हा कपाटातून ओढला गेला. त्या दिवशी त्याने पाव घेतले नाहीत. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते.

७. पावसाळ्यात मध्येच लाईट गेली तर सेव्हचं काय?

गेमवर अवलंबून आहे. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये फार तर चालू फेरी जाते, म्हणजे २२ मिनिटांच्या आतच. कळलेली माहिती यानाच्या नोंदवहीत राहते. संगणकावरच्या 'सबनॉटिका'त आपोआप सेव्ह होत नाही, स्वतः मेनूत जाऊन करावं लागतं. जूनमध्ये दर पंधरा मिनिटांनी करा. 'एलियन: आयसोलेशन'मध्ये भिंतीवरच्या आपत्कालीन फोनवरच सेव्ह होतं, तेही कार्ड घालून दिवे लागेपर्यंत उभं राहून, आणि त्या काही सेकंदांत प्राणी येऊ शकतो. गेम म्हणून हे अप्रतिम आहे. वीज खात्याच्या भरवशावर खेळणाऱ्याने मात्र इन्व्हर्टर घ्यावा.

८. हातात बंदूक नसली की भीती जास्त, हे खरं का?

अर्धवट खरं. 'सबनॉटिका'त बंदुका मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत झालेल्या गोळीबारानंतर जगात आणखी बंदुका नकोत म्हणून तो निर्णय घेतला, असं त्याच्या दिग्दर्शकाने, चार्ली क्लीव्हलँड यांनी सांगितलंय. भीती वाढली ती त्याचा परिणाम म्हणून.

पण 'मेट्रॉइड'ची नायिका नखशिखांत हत्यारांनी सजलेली असते, तरी ती मालिका एकाकी वाटते. 'मेट्रॉइड फ्यूजन'मध्ये (२००२) तिची हुबेहूब नक्कल तिच्या मागे लागते, 'मेट्रॉइड ड्रेड'मध्ये (२०२१) नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे यंत्रमानव. 'डेड स्पेस'मध्ये डोक्यात गोळी घालून उपयोग नाही, हातपाय तोडावे लागतात. म्हणजे बंदूक आहे, पण इतर गेम्समध्ये लागलेली सवय इथे कामाची नाही. भरवसा गेला की हत्यार असून नसल्यासारखं.

९. मला खोल पाण्याचीच भीती आहे. 'सबनॉटिका' खेळू का?

खेळा, पण बेताने. किनाऱ्यावर जन्म काढूनही छातीभर पाण्यापुढे न गेलेले आपल्यात कितीतरी आहेत, लाजू नका. उतरताच जो उथळ, प्रवाळांचा भाग लागतो तो सुंदर आणि बहुतांशी निर्धोक आहे. सुरुवातीला श्वास ४५ सेकंदच पुरतो, त्यामुळे आपोआपच तुम्ही फार लांब जात नाही. कोसळलेल्या मोठ्या यानाच्या नाकाडाकडे जाऊ नका, प्रश्न ५ मधला रीपर तिथे असतो. प्राणी आपापला भाग सहसा सोडत नाहीत. छोटी पाणबुडी सुधारणा न करता २०० मीटरच्या खाली नेलीत तर दाबाने चेपते. अगदीच नाही जमलं तर क्रिएटिव्ह मोड आहे, त्यात मरण नाही.

१०. 'आउटर वाइल्ड्स'मधल्या धुक्यातल्या माशांपासून कसं वाचायचं? (गोष्ट फुटेल)

इंजिन बंद करा आणि तरंगत जा. ते अँगलरफिश आंधळे आहेत, आवाजावर येतात. हे उत्तर गेममध्येच एका जागी लिहून ठेवलंय. शोधून मिळालं तर जास्त मजा आहे. खऱ्या समुद्रातसुद्धा या जातीच्या माद्यांच्या डोक्यावर दिवा लटकत असतो आणि तो उजेड जिवाणूंचा. लांबून उजेड दिसला की कोणी वस्तीला आहे असं वाटतं. प्रश्न ५ मधला माउथ ऑर्गनही त्याच धुक्यातून ऐकू येतो, हे सांगून ठेवतो.

११. 'सोमा'त म्हणे राक्षस निरुपद्रवी करता येतात. मग उरतं काय?

जवळजवळ सगळं उरतं. 'सोमा' २०१५ चा, अटलांटिकच्या तळाशी घडणारा. २०१७ मध्ये त्यात सुरक्षित मोड आला. प्राणी दिसतात, जवळ येतात, पण मारत नाहीत. मी दोन्ही प्रकारे खेळलोय आणि मला सुरक्षित मोडच बरा वाटला. पळापळीत मुख्य प्रश्नाकडे लक्ष राहत नाही. तो असा: माणसाच्या मनाची नक्कल यंत्रात उतरवली, तर मागे राहिला तो कोण? शेवट सांगणार नाही. तो पाहून माडीवर पाच मिनिटं कोणी बोललं नव्हतं, आणि आमच्यात हे होत नाही.

१२. दिसणारा राक्षस जास्त भीतीदायक की न दिसणारा?

दशावतारातला संकासूर वाजतगाजत येतो. तो येणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पोरं घाबरतात आणि हसतातही. 'आयर्न लंग'मध्ये (२०२२) तुम्ही रक्ताच्या समुद्रात एका गंजक्या पाणबुडीत कोंडलेले. खिडकी नाही. नकाशा, आकडे आणि बटण दाबलं की निघणारा एक अस्पष्ट फोटो. पुढच्या फोटोत काय असेल या विचाराने बटणावरचं बोट थांबतं. माझं मत न दिसणाऱ्याला.

१३. दहा वर्षांच्या मुलाला चालेल का?

'एलियन: आयसोलेशन' आणि 'डेड स्पेस' प्रौढांसाठीच आहेत, वाद नको. 'सोमा'ही नको. 'आउटर वाइल्ड्स' आणि 'सबनॉटिका' मात्र शेजारी बसून खेळा. माझ्या भाचीला रीपरची भीती वाटली नाही, तिला प्रवासी सापडत नाहीत याचं वाईट वाटलं.

१४. 'नो मॅन्स स्काय'मध्ये तर अख्खं विश्व रिकामं आहे. मग तिथे भीती का वाटत नाही?

हा प्रश्न अवघड आहे आणि मला आवडतो. २०१६ च्या त्या गेममध्ये १८ वर १८ शून्यं दिल्यावर होतील इतके ग्रह आहेत, सगळे गणिताने तयार झालेले. तिथे एकटेपण आहे, पण तुमच्या ग्रहावरून कोणी उठून गेलंय असं वाटत नाही. प्रश्न ३ मधली मागे सरकलेली खुर्ची नाही. कधी कोणी नव्हतंच अशा जागेत आपण पर्यटक असतो. कोणीतरी होतं आणि आता नाही अशा जागेत आपण घुसखोर असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे वारस.

१५. गोव्यावर असा गेम झाला तर कुठे घडावा?

किल्ल्यावर नको. डिचोली-सत्तरीकडची बंद खाण. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या. काही आता सुरू होताहेत, पण बाकीचे खड्डे पावसाच्या पाण्याने भरलेत आणि पाणी इतकं हिरवंनिळं की परग्रह म्हणून खपेल. गंजलेले पट्टे, ट्रकांची वजनं लिहिलेली वही, वजनकाट्याची खोली. दोनशे वर्षांनंतरचं साल घ्या. यंत्रं कोणीतरी पुन्हा चालू केलीत आणि ती आपली आपण खाली खोदताहेत. तुम्ही दुरुस्तीला आलेले एकटे तंत्रज्ञ.

राक्षस लागणारच नाही. वाटेवर राखणदाराची घुमटी ठेवा. पुढे वाहिलेल्या वहाणा, कितीतरी जोड, वर्षानुवर्षं साचलेले. एकही झिजलेला नाही.

कोणी बनवत असाल तर चाचणीला मी येतो, फक्त दिवसा बोलवा.